तपासनिसांची कवळी

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बिस्किट तुटलं नाही, कवळी सुटली. वरची. बिस्किटाला धरून ती तपासनिसांच्या तोंडाबाहेर आली आणि ट्रेमधल्या तिसऱ्या रांगेत पडली. चाचणीच्या खोलीत त्या वेळी तिघं हजर होते: स्वतः तपासनीस, तीस वर्षं भट्टी सांभाळणारे मास्तर आणि पाच महिन्यांपूर्वी कारखान्यात रुजू झालेल्या मॅनेजरबाई.

पहिल्यांदा बोलले ते मास्तर.

"हा ट्रे बाद," ते म्हणाले.

मॅनेजरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. खिडकीबाहेर फक्त कारखान्याची मागची भिंत होती. तपासनिसांनी कवळी रुमालात गुंडाळली, ते बोळाच्या टोकाच्या बेसिनपाशी गेले आणि सहा मिनिटांनी परत आले. कवळी जागेवर होती. चेहरा अजून जागेवर आला नव्हता.

"डॉक्टरांनी किती थांबायला सांगितलंय?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"सहा आठवडे."

"आणि झाले किती?"

"अकरा दिवस."

"मग आज घाई कसली होती?"

तपासनिसांची नजर खोलीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे राखाडी कापडाखाली एक मशीन होतं. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये बिस्किट दाबायचं आणि ते किती जोराला मोडलं ते आकड्यात सांगायचं, एवढंच त्याचं काम. येऊन वर्ष झालं होतं. ते सुरू झालं नव्हतं, कारण योग्य बिस्किट कोणतं हे त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं. एकदा सांगितलं, की मग सांगणारा लागत नाही.

आतापर्यंत सांगणारे तपासनीस होते. कारखान्यात एकच बिस्किट बनतं, साधं, चौकोनी, कडेला बारा दाते असलेलं. दर वर्षी एका ठरलेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा नमुना ठरतो. मास्तर भट्टीतून ट्रे आणतात. तपासनीस एक बिस्किट पुढच्या दातांनी तोडतात, तोडताना कान देतात, मग तुकडा चावत मनात मोजतात. सतराव्या चाव्याला घास गिळता आला तर बिस्किट मंजूर. वीस झाले तर कडक, चौदा झाले तर मऊ. सतरा हा आकडा त्यांना आधीच्या तपासनिसांनी दिला होता आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. मंजूर ट्रे जितका वेळ भट्टीत होता, तीच भट्टीची वेळ वर्षभरासाठी कायम होते.

गेल्या दोन महिन्यांत तपासनिसांचे उरलेले सात दात काढले गेले होते. हिरड्या भरून येईपर्यंत ते रजेवर होते. तोवर भट्टीची जुनी वेळ चालू ठेवून कारखान्याने भागवलं होतं. नमुन्याचा दिवस आता पाच आठवड्यांवर आला होता.

"मी स्पष्ट बोलते, राग मानू नका," मॅनेजरबाई म्हणाल्या. "पहिल्या तारखेला तुम्ही चावून दाखवलंत तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर मशीन सुरू करते. तुम्ही पाठवणी खात्यात बसा, खोक्यांवर चिठ्ठ्या लावायला माणूस हवाच आहे."

तपासनिसांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. ती त्यांना चाचणीच्या खोलीतच काढायची होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मास्तरांना सांगायची गरज नव्हती आणि बायकोला तर नव्हतीच.

डॉक्टरांनी दिलेला छापील कागद घरी फ्रीजवर चिकटवलेला होता. त्यात सात सूचना होत्या. चौथी अशी: पुढच्या दातांनी चावू नये. तपासनिसांची नोकरी जवळजवळ सगळीच्या सगळी या एका ओळीत बाद होत होती.

त्या दुपारी ते घरी आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. लेकीकडे राहायला येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि कवळी लावायला लागून तीस. जावयाची कवळी आली तेव्हापासून त्या तिच्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलं नव्हतं म्हणून.

"पडली म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

तपासनिसांनी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? मास्तरांचा फोन आला होता," बायको म्हणाली. "काळजी वाटली म्हणून केला म्हणे. अर्धा वेळ तर हसतच होते."

"कागद आणा बघू इकडे," सासूबाई म्हणाल्या. भिंग लावून त्यांनी सातही सूचना वाचल्या आणि कागद टेबलावर उपडा ठेवला. "चांगला लिहिलाय. पण लिहिणाऱ्याचे स्वतःचे दात आहेत."

"आई, पाच आठवडे आहेत माझ्याकडे."

"तेवढ्यात होईल. पण मी सांगेन तसंच खायचं, जावईबापू. मध्येच शहाणपणा नाही."

शिकवणी त्याच दिवशी सुरू झाली. पहिला धडा केळ्याचा. सासूबाईंनी सुरीने केळ्याच्या नखाएवढ्या चकत्या केल्या आणि दोन चकत्या जावयासमोर ठेवल्या.

"एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम चावायच्या."

"एकदम?"

"एका बाजूला घास घेतलात की दुसरी बाजू उचलते. सकाळी तेच झालं असणार."

तपासनिसांनी दोन्ही चकत्या तोंडात घातल्या. इतकी वर्षं माणूस जेवतो आणि घास तोंडात कुठे जातो हे त्याला ठाऊक नसतं, असं त्यांना त्या वेळी कळलं. त्यांची जीभ सगळं ढकलून डावीकडे नेत होती. उजवीकडच्या दाढा सर्वांत आधी गेल्या होत्या, त्यामुळे जिभेला तीच सवय लागली होती. केळ्याला अकरा मिनिटं लागली.

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली," बायको म्हणाली, "माझ्या हातचं काही तुम्ही इतकं मन लावून खाल्लेलं मला आठवत नाही."

पहिला आठवडा केळं, उकडलेला बटाटा आणि अंडं यात गेला. चहाने एकदा फसवलं. वरच्या कवळीने टाळू झाकला गेला होता. घोट गरम आहे हे घशापाशी पोचल्यावरच कळलं, आणि तपासनीस खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"टाळूवर आता पांघरूण आहे," सासूबाई म्हणाल्या. "गरम-गार आता ओठाला विचारायचं."

जेवणानंतर रोज अर्धा तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचं, हाही शिकवणीचाच भाग होता. पहिल्या दिवशी तपासनिसांनी 'संध्याकाळी साडेसहा वाजता सर्वसाधारण सभा' ही ओळ वाचली तेव्हा खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. चौथ्या दिवशी तो भुंकायचा थांबला. वाचन सुधारलं की कुत्र्याला सवय झाली, यावर घरात दोन मतं होती.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या हिरडीवर उजवीकडे दुखरी जागा झाली. तपासनिसांनी खालची कवळी काढून निळ्या वाटीत ठेवली. पिवळी वाटी सासूबाईंची. बायकोने पहिल्याच दिवशी तसे रंग लावून दिले होते आणि बजावलं होतं की अदलाबदल झाली तर मी घर सोडून जाईन. दोन दिवस वाटीतली कवळी वाटीतच राहिली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टरकडे कधी जायचंय?"

"उद्या."

"मग आज घाला."

"आई, दुखतंय."

"दुखणार. ती घासली की तिथे लाल होईल, लाल झालं की डॉक्टरला दिसेल. वाटीत ठेवून गेलात तर ती कुठे घासणार, वाटीला?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघितलं, लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि कवळी बारीक घासून दिली. "आदल्या दिवशी घालून आलात हे फार बरं केलंत," त्या म्हणाल्या. "बहुतेक जण ही चूक करतात. कुणी सांगितलं?"

"घरी शिकवणी लावलीय," तपासनीस म्हणाले. त्यांचा 'स' त्या दिवशी बऱ्यापैकी सरळ निघाला.

मग पाव आला. मग शिजवलेलं गाजर, मग कच्च्या गाजराचा कीस, मग सालासकट सफरचंदाची पातळ फोड. सफरचंदाच्या दिवशी सासूबाईंनी सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आता तोडायला शिका."

"कागदावर नको लिहिलंय."

"कागदावर पुढच्या दातांनी नको लिहिलंय. तुम्ही आजवर काय करत होता? दातात धरायचं आणि हाताने ओढायचं. ओढलं की कवळी हाताबरोबर येणारच, तिला काय मुळं आहेत? इथे धरा." त्यांनी स्वतःच्या ओठाच्या कडेला, सुळ्यापाशी बोट लावलं. "कडेला. जीभ मागून वरच्या कवळीला टेकवा. आणि चावताना हात आतल्या बाजूला ढकला. ओढायचं नाही, ढकलायचं."

पहिल्या फोडीला कवळी हलली. दुसऱ्या फोडीला तपासनिसांनी जीभच चावली. पाचवी फोड कचकन तुटली.

"आवाज आला," बायको म्हणाली.

"आला," तपासनीस म्हणाले. त्यांनी आणखी दोन फोडी खाल्ल्या. मग राहिलेलं अर्धं सफरचंद सुरीशिवाय संपवलं. त्या दिवशी शनिवार होता आणि पहिल्या तारखेला बारा दिवस होते.

रविवारी मास्तर भेटायला आले, येताना कारखान्याचा अर्ध्या किलोचा पुडा घेऊन.

"रुग्णाला फळं नेतात," बायको म्हणाली.

"वहिनी, फळं खाऊनच तो रुग्ण झाला. हे घ्या, औषध आहे."

तपासनिसांनी पुडा फोडला, एक बिस्किट घेतलं, ओठाच्या कडेला धरलं, जीभ टेकवली आणि हात ढकलला. बिस्किट तुटलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. तपासनिसांनी हाताने त्यांना गप्प केलं, कारण ते मोजत होते. घास गिळून झाल्यावर त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं. मग तिसरं.

"तेरा," ते म्हणाले.

"काय तेरा?"

"चावे. सतरा पाहिजेत. तिन्ही वेळा तेरा आले."

"नवे दात आहेत, मोजणी चुकत असेल."

"मोजतो डोक्याने. ते जुनंच आहे."

सासूबाई एवढा वेळ पुड्यातलंच एक बिस्किट खात होत्या. कोरडं, चहाशिवाय. त्यांचं खाऊन झालं तेव्हा त्यांनी बोटांवरचा चुरा झटकला.

"मी इथे राहायला आले तेव्हा मला हे खाता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुधात भिजवावं लागायचं. आठवतं का गं तुला? आता कशी छान कोरडी खाते. मी म्हटलं, वयाबरोबर कवळी मुरत असेल."

"आई, कवळी मुरते होय? लोणचं आहे का ते?" बायको हसली.

तपासनीस हसले नाहीत. "आई, तुमची कवळी बदललीय का मध्ये?"

"पंधरा वर्षं हीच आहे."

"म्हणजे कवळी तीच. हिरड्या तर झिजल्याच असतील."

"झिजल्यात ना. डॉक्टर म्हणते, नवी करा."

"मग सोपं कसं झालं?"

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं, निघायला हवं म्हणाले आणि चहा न घेता गेले. तीस वर्षांत ते या घरातून चहा न घेता कधी गेले नव्हते.

सोमवारी दुपारी चारला, पाळी बदलण्याच्या वेळी, तपासनीस रजेवर असूनही कारखान्यात गेले आणि थेट भट्टीपाशी जाऊन उभे राहिले. भट्टीच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर मास्तर दर वर्षीची कायम झालेली वेळ खडूने लिहून ठेवतात. नवी वेळ जुनीच्या खाली लिहायची, जुनी पुसायची नाही, ही त्यांची पद्धत. तपासनिसांनी ती भिंत हजारदा पाहिली होती. पण पाहायची ती फक्त शेवटची ओळ. आज त्यांनी वरून खाली वाचली. भिंतीला शेवटचा रंग दिल्यानंतरच्या दहा ओळी होत्या. पहिली, दहा वर्षांपूर्वीची: नऊ मिनिटं. मग आठ पन्नास. आठ चाळीस. आठ तीस. पुन्हा आठ तीस. आठ वीस. आठ दहा. आठ. सात पन्नास. सगळ्यांत खाली सात चाळीस.

"ऐंशी सेकंद," तपासनीस म्हणाले.

मास्तर हातमोजे काढत होते. ते काढायला त्यांनी बराच वेळ लावला.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"माझ्या दातांचं."

"तू डावीकडून चावायला लागलास त्याच वर्षी कळलं. तोंड वाकडं करून चावायचास. बघवायचं नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मी ट्रे आणायचो, तू म्हणायचास कडक आहे. तुझ्या तोंडात वीस चावे होत असतील तर माझ्याकडे काय उत्तर होतं? माझं काम भट्टीचं. तू कडक म्हणालास, मी दहा सेकंद कमी केले. पुढच्या ट्रेला तू सतरा मोजलेस, मंजूर म्हणालास. मी भिंतीवर लिहिलं. यात मी लपवलं काय? भिंतीवर आहे सगळं."

हे खरं होतं. बिस्किटाचा रंगही फिकटला होता, पण दहा सेकंदांनी फिकटलेला रंग कुणाला दिसत नाही, आणि ऐंशी सेकंदांचा फरक एकदम कधी कुणासमोर आलाच नव्हता. तपासनिसांचे दात जसे जात होते तसं बिस्किट त्यांच्याबरोबर मऊ होत गेलं होतं, आणि चावे मात्र दर वर्षी सतराच भरत होते.

"ऐक माझं," मास्तर आवाज उतरवून म्हणाले. "तुला आता चावता येतंय. पहिल्या तारखेला बाईंसमोर झकास तोडून दाखव, मंजूर म्हण, मोकळा हो. सतरा की तेरा ते तुझ्या डोक्यात. डोक्यात कोण बघायला येतंय?"

तपासनीस भिंतीकडे बघत राहिले.

"पहिल्या तारखेला दोन ट्रे आण," ते म्हणाले. "एक आजचा. एक नऊ मिनिटांचा."

"वेडा आहेस का? खुर्ची जाईल."

"आण रे तू."

"आणि नऊ मिनिटांचं तुला तोडता आलं नाही तर?"

उरलेले दहा दिवस तपासनीस घरी टोस्टवर सराव करत होते. पहिल्या दिवशी मंद भाजलेला, मग रोज थोडा जास्त. सासूबाई समोर बसून बघत आणि फक्त चुकलं की बोलत. "ओढलंत," एवढंच.

नमुन्याच्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाला चाचणीच्या खोलीत तेच तिघं होते. मशीनवरचं कापड काढलेलं होतं. टेबलावर दोन ट्रे होते.

"दोन कशाला?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"सांगतो. आधी हा."

तपासनिसांनी सात चाळीसच्या ट्रेमधलं बिस्किट उचललं, कडेला धरलं आणि तोडलं. कवळी हलली नाही. मास्तरांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. तपासनिसांनी डोळे मिटून चावलं, गिळलं आणि डोळे उघडले.

"छान!" मॅनेजरबाई मनापासून म्हणाल्या. "मला खरंच बरं वाटलं. मग, मंजूर?"

"नाही."

"कडक आहे?"

"मऊ आहे. चार चावे कमी पडतात."

"कधीपासून?"

"नऊ वर्षांपासून. दर वर्षी थोडं थोडं."

"आणि नऊ वर्षं हे मंजूर कोण करत होतं?"

"मी."

तपासनिसांनी दात, दहा सेकंद आणि भिंत, हे तिन्ही पाच वाक्यांत सांगितलं. मास्तरांचं नाव त्यांनी त्यात घेतलं नाही. मास्तरांनी मध्येच "दहा सेकंद मी कमी केले" असं म्हणून ते स्वतःच घेतलं.

मग तपासनिसांनी दुसऱ्या ट्रेमधलं, नऊ मिनिटांचं बिस्किट उचललं. ते रंगाने चांगलंच गडद होतं. ओठाच्या कडेला धरून त्यांनी हात ढकलला. बिस्किट तुटलं नाही. वरची कवळी डावीकडे किंचित उचलली गेली, मास्तरांनी ट्रे मागे ओढला. तपासनिसांनी जीभ घट्ट टेकवली आणि आणखी ढकललं. खाडकन आवाज झाला. तो आवाज मास्तरांनीही बऱ्याच वर्षांनी ऐकला होता. त्यांनी मान डोलावली.

"सतरा," तपासनीस थोड्या वेळाने म्हणाले.

मॅनेजरबाईंनी दोन्ही ट्रेमधलं एकेक बिस्किट खाल्लं. मग कपाटातून एक फाइल काढली आणि ती उघडून दोन गठ्ठे टेबलावर ठेवले. गिऱ्हाइकांची पत्रं होती, नऊ वर्षांतली. एका गठ्ठ्यात चौदा: बिस्किट पूर्वीसारखं राहिलं नाही. दुसऱ्यात बावीस: बिस्किट आता चावायला किती सोपं झालंय, आभार, आमच्या घरी वडील माणूस आहे, फक्त हेच खाता येतं. पहिल्या चौदा पत्रांना उत्तरं गेली होती, त्यांच्या प्रती पत्रांना टाचलेल्या होत्या. प्रत्येकीत एकच वाक्य होतं, 'आमच्या बिस्किटात कोणताही बदल झालेला नाही,' आणि खाली तपासनिसांची सही.

तपासनिसांनी चौदाही सह्या बघितल्या. "सही माझीच आहे," ते म्हणाले.

"चावून दाखवा म्हटलं होतं, ते तुम्ही दाखवलंत," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तेवढंच असतं तर आज पेढा खायला हरकत नव्हती. पण आता मला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. एक, बिस्किट कोणतं. दुसरी, नऊ वर्षं ज्यांनी चुकीचं माप लावलं, त्यांनाच पुढचं लावायला द्यायचं का."

"बाई, चूक सांगितली कुणी?" मास्तर म्हणाले. "त्यानेच ना? मशीनने सांगितली असती? मशीनच्या पोटात आज तेच मऊ बिस्किट घातलं असतं तर जन्मभर तेच खरं मानलं असतं त्याने."

"ते माझ्या लक्षात आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. दोन्ही ट्रेमधली बिस्किटं त्यांनी दोन डब्यांत भरली, फाइल काखेत घेतली आणि सोमवारी सांगते म्हणून डबे घरी नेले. त्यांच्या घरी वडील आहेत. वडिलांचे दात त्यांचे स्वतःचे आहेत की कसे, ते कळू शकलं नाही.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी सगळा वृत्तान्त दोनदा ऐकला.

"म्हणजे तुम्ही शिकलात तोडायला, आणि आता माझं बिस्किट पुन्हा दुधात," त्या म्हणाल्या. "चांगली शिकवणी घेतली मी."

"आई, अजून ठरलं नाहीये."

"कवळी हलली का?"

"दुसऱ्या वेळी. थोडी. डावीकडे."

"मग उद्यापासून डावीकडची तालीम," सासूबाई म्हणाल्या आणि टोस्टचा डबा पुढे सरकवला.

सोमवारी मॅनेजरबाईंनी बुधवार सांगितला. बुधवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंतची स्थिती अशी. भट्टी अजून सात चाळीसवरच चालू आहे. मशीनवरचं कापड काढलेलं आहे, पण वायर जोडलेली नाही. तपासनीस चाचणीच्या खोलीत आपल्याच खुर्चीत बसतात. पाठवणी खात्यातही त्यांच्यासाठी एक टेबल रिकामं करून ठेवलं आहे. बुधवारी दुपारी त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर पावाची कड तोडून खाल्ली, आणि कुणीही मान वर करून बघितलं नाही. मॅनेजरबाईंनी घरून परत आणलेला गडद बिस्किटांचा डबा अर्धा रिकामा झाल्याचं मास्तर सांगतात; फिकट बिस्किटांचा किती, ते त्यांना दिसलं नाही. भट्टीशेजारच्या भिंतीवर दहा ओळींखाली त्यांनी अकरावी सुरू केली आहे. तारीख लिहून झाली आहे. तिच्यापुढची जागा रिकामी आहे.